वीज गेल्यावर घरचा संगणक आपोआप नीट बंद व्हावा यासाठी

यूपीएस आणला, संगणक त्याला जोडला, की वीज जाण्याची काळजी मिटली असे आपण धरून चालतो. पण तेवढ्याने निम्मेच काम झालेले असते. वीज जाते तेव्हा आपण समोर बसलेले असलो, तर यूपीएसचा आवाज ऐकून हातातली फाइल सेव्ह करतो आणि संगणक बंद करतो. आपण घराबाहेर असलो, झोपलेले असलो किंवा संगणकाला रात्रभराचे काम लावून ठेवले असले, तर मात्र यूपीएसची बॅटरी काही मिनिटांत संपते आणि संगणक वीज जाताक्षणी जसा धाडकन बंद पडला असता तसाच पडतो, फक्त थोडा उशिरा. वीज गेल्याची वर्दी यूपीएसने संगणकाला देणे आणि ती मिळताच संगणकाने स्वतःहून आवराआवर करून बंद होणे, हे उरलेले निम्मे काम आहे. ते घरच्या घरी, एखाद्या मोकळ्या दुपारी करता येते.

अचानक बंद पडल्याने नेमके बिघडते काय, हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. डिस्कवर लिहायची माहिती संगणक दरवेळी लगेच लिहीत नाही; ती आधी मेमरीत ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. वीज गेली की उतरवायची राहिलेली माहिती नाहीशी होते. विंडोजची एनटीएफएस किंवा लिनक्सची ईएक्सटी४ यांसारख्या फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धती, आपल्या बदलांची नोंदवही ठेवतात, त्यामुळे पुढच्या वेळी संगणक सुरू झाल्यावर फोल्डरांची रचना बहुधा शाबूत सापडते; पण ही नोंदवही फाइल सिस्टिमचा सांगाडा सांभाळते, त्या क्षणी अर्धवट लिहिल्या गेलेल्या फाइलीतला मजकूर सांभाळतेच असे नाही. अपडेट बसत असताना किंवा मोठा डेटाबेस उघडा असताना वीज गेली तर नुकसान एका फाइलीपुरते राहत नाही. फिरत्या हार्ड डिस्कला वीज तुटताच आपले हेड, म्हणजे माहिती लिहिणारे-वाचणारे टोक, घाईने सुरक्षित जागी ओढून घ्यावे लागते, आणि फिरते भाग नसलेल्या एसएसडी या डिस्कला कोणती माहिती कुठल्या कप्प्यात आहे याचा आपला नकाशा नीट मिटवून ठेवायला वेळ मिळत नाही.

याचा हिशेब डिस्क स्वतः ठेवते, आणि तो आपल्याला वाचता येतो. डिस्कची प्रकृती दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो यांसारखा मोफत प्रोग्राम उघडावा. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीत ‘अनसेफ शटडाउन्स’ नावाची नोंद दिसते. फिरत्या डिस्कमध्ये स्मार्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेल्या, नोंदींच्या यादीत १९२ क्रमांकाची नोंद घाईने हेड मागे घेतल्याची संख्या सांगते. आज हा आकडा एका कागदावर लिहून ठेवावा आणि कागद यूपीएसवरच चिकटवावा. मग एकदा नेहमीच्या पद्धतीने हाताने संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि आकडा वाढला नाही ना, ते पाहावे. आपण करणार असलेली सगळी मांडणी बरोबर जमली की नाही, याचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार पुढे हाच आकडा आहे.

वर्दी देणारी तार

यूपीएसच्या मागच्या बाजूला यूएसबीचे सॉकेट आहे का, हे पहिल्यांदा पाहावे. बहुतेकदा ते प्रिंटरला असते तसे चौकोनी असते आणि प्रिंटरचीच केबल त्याला चालते. काही यूपीएसवर मात्र नेटवर्कच्या केबलसारखे दिसणारे, पण जास्त पिनांचे सॉकेट असते. त्याला कंपनीने सोबत दिलेलीच केबल लागते, साधी नेटवर्कची केबल त्यात खुपसू नये. याउलट, यूपीएसवर नेटवर्कची दोन सॉकेटे शेजारी शेजारी असतील आणि त्यांवर ‘इन’ व ‘आउट’ असे लिहिलेले असेल, तर ती बहुधा टेलिफोन किंवा नेटवर्कच्या तारेतून येणारा विजेचा झटका अडवण्यासाठी असतात. संगणकाशी बोलण्याशी त्यांचा संबंध नसतो, आणि ती जोडून झाले असे समजणारे पुष्कळ जण आहेत.

केबल जोडल्यावर बहुतेक यूपीएस स्वतःची ओळख यूएसबीच्या एका ठरलेल्या प्रमाण भाषेत देतात, आणि ती भाषा विंडोज, मॅकओएस आणि लिनक्सचे बहुतेक डेस्कटॉप वेगळा ड्रायव्हर न घालता समजतात. खूण अगदी सोपी आहे. डेस्कटॉप संगणकावर, जिथे एरवी बॅटरीचे चिन्ह कधीच नसते, तिथे ते लॅपटॉपसारखे दिसू लागते. चिन्ह दिसले की वर्दीची तार जोडली गेली असे समजावे. दिसले नाही, तर आधी दुसरी केबल आणि संगणकाचे मागच्या बाजूचे दुसरे यूएसबी सॉकेट वापरून पाहावे. मध्ये यूएसबी हब ठेवू नये. तरीही दिसत नसेल, तर ते यूपीएस स्वतःची वेगळी भाषा बोलत असावे आणि त्यासाठी कंपनीचा प्रोग्राम किंवा पुढे सांगितलेला नेटवर्क यूपीएस टूल्स लागेल.

याच वेळी विजेच्या तारांकडेही नजर टाकावी. अनेक यूपीएसवर सॉकेटांचे दोन गट असतात, एक बॅटरीवर चालणारा आणि दुसरा फक्त झटक्यापासून रक्षण करणारा. संगणक दुसऱ्या गटात जोडलेला असेल तर बाकीची सगळी मांडणी निष्फळ आहे, आणि ही चूक दिसायला फार सोपी व व्हायला त्याहून सोपी आहे. मॉनिटर आणि राउटर बॅटरीच्या गटात असावेत. लेझर प्रिंटर मात्र तिथे कधीही लावू नये, कारण कागदावरची शाई पक्की करण्यासाठी तो तापतो तेव्हा जी वीज ओढतो ती घरगुती यूपीएसला झेपत नाही.

बॅटरी किती वेळ टिकेल

यूपीएसवर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा व्हीएचा, म्हणजे व्होल्ट-ॲम्पिअरचा, असतो, वॉटचा नव्हे. ६०० व्हीएचे साधे यूपीएस बहुधा ३६० वॉटांपर्यंतचाच भार उचलते, म्हणून माहितीपत्रकातला वॉटांचा आकडा शोधून तोच धरावा. समजा, संगणक १२० वॉट, मॉनिटर २५ आणि राउटर १० वॉट घेतो. एकूण भार १५५ वॉट झाला. अशा यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट आणि ७ ॲम्पिअर-तासांची एक बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॉट-तास येतात आणि कागदावर अर्धा तास मिळायला हवा असे वाटते. प्रत्यक्षात तेवढा कधीच मिळत नाही. बॅटरीवर छापलेली क्षमता ती २० तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारी असते. काही मिनिटांतच उपसली तर तिच्यातून पुष्कळ कमी ऊर्जा निघते, आणि बॅटरीच्या विजेचे घरच्या विजेत रूपांतर करतानाही थोडी वाया जाते. नव्या बॅटरीवर दहा-बारा मिनिटे मिळाली तरी ठीक मानावे. तीन वर्षांनंतर हीच दहा मिनिटे चार झालेली असू शकतात, आणि यूपीएस तसे सांगेलच असे नाही.

किती वेळ थांबावे आणि कधी बंद व्हावे

सगळ्या मांडणीतला खरा निर्णय हा आहे, आणि बहुतेक घरी तो कुणी घेतलेलाच नसतो. विंडोजमध्ये किंवा कंपनीच्या प्रोग्राममध्ये जो आकडा आधीपासून भरलेला असतो तोच राहतो. तो आकडा बहुधा पाच-दहा टक्क्यांचा असतो, म्हणजे बॅटरी पार तळाला गेल्यावरच संगणक हालचाल सुरू करणार. लॅपटॉपला हे चालते, कारण लॅपटॉपची बॅटरी आपली टक्केवारी बऱ्यापैकी खरी सांगते. साध्या यूपीएसमधली टक्केवारी बरेचदा केवळ बॅटरीच्या व्होल्टेजवरून काढलेला अंदाज असतो, आणि जुन्या बॅटरीचे व्होल्टेज शेवटच्या टप्प्यात हळूहळू उतरत नाही, ते कोसळते.

मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. माझ्या यूपीएसच्या बॅटरीला चौथे वर्ष चालू होते, आणि मी संगणक १० टक्क्यांना बंद होईल असे ठरवून निश्चिंत होतो. एका संध्याकाळी वीज गेली तेव्हा मी समोरच बसलो होतो, म्हणून केवळ पाहत राहिलो. आकडा १०० वरून ८१ वर आला, मग ६४ वर आला. पुढच्या वेळी मी पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिले तेव्हा ५८ दिसले आणि त्याच क्षणी यूपीएसमधून ‘टक्’ असा आवाज येऊन पडदा काळा झाला. ५८ आणि १० यांच्यामध्ये काहीही नव्हते. त्या दिवसापासून मी टक्क्यांवर विसंबणे सोडले आणि घड्याळावर विसंबू लागलो.

वीज बरेचदा काही सेकंदांसाठी किंवा एखाद्या मिनिटासाठीच जाते. तेवढ्यासाठी संगणक बंद करणे त्रासाचे आहे, म्हणून थोडे थांबावे. पण तीन मिनिटांत जी वीज परत आली नाही ती दहा मिनिटांत येईलच याला काही आधार नसतो, आणि त्या सात मिनिटांसाठी बॅटरी रिकामी करण्यात लाभ नाही. शिसे-आम्ल बॅटरी तळापर्यंत उपसली की तिचे आयुष्य घटते. शिवाय रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरायला कित्येक तास लागतात, आणि वीज एकदा गेली की त्याच दिवशी पुन्हा जाण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते. दुसऱ्या वेळेसाठी बॅटरीत काही शिल्लक असले पाहिजे. म्हणून मी हा नियम पाळतो: वीज गेल्यापासून तीन मिनिटांनी संगणकाने बंद व्हायला सुरुवात करावी, आणि जिथे वेळ ठरवण्याची सोय नाही, फक्त टक्के आहेत, तिथे ६० टक्क्यांना. रात्रभराचे मोठे काम चालू असेल तर मिनिटे पाचपर्यंत वाढवावीत, त्यापलीकडे नको.

बंद व्हावे म्हणजे नेमके काय करावे, हाही प्रश्न आहे. साध्या शटडाउनमध्ये उघड्या फाइलींतले सेव्ह न केलेले काम जाते, किंवा एखादा प्रोग्राम ‘सेव्ह करायचे का?’ असे विचारत अडून बसतो आणि उत्तर द्यायला समोर कुणी नसते. हायबरनेटमध्ये मेमरीतले सगळे जसेच्या तसे डिस्कवर लिहून संगणक पूर्ण बंद होतो, आणि पुढच्या वेळी खिडक्या होत्या तशा उघडतात. घरच्या विंडोज संगणकासाठी हायबरनेटच निवडावे. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर मात्र शटडाउन बरे, कारण हायबरनेट केलेल्या विंडोजच्या विभागात लिनक्समधून काही लिहिले गेले तर फाइली बिघडू शकतात. स्लीप हा पर्याय कधीही निवडू नये. स्लीपमध्ये मेमरीला वीज लागतच राहते. बॅटरी संपली की त्यातले सगळे जाते.

विंडोजमध्ये

कंट्रोल पॅनेलमधून पॉवर ऑप्शन्स उघडावे, चालू असलेल्या प्लॅनपुढच्या चेंज प्लॅन सेटिंग्जवर क्लिक करावे आणि तिथून चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्जमध्ये जावे. यूपीएस ओळखले गेले असेल तर उघडलेल्या छोट्या खिडकीत अगदी तळाशी ‘बॅटरी’ असा विभाग दिसतो. त्यात क्रिटिकल बॅटरी ॲक्शनसमोर, ‘ऑन बॅटरी’ या ओळीत, हायबरनेट निवडावे. क्रिटिकल बॅटरी लेव्हल ६० टक्के करावी. लो बॅटरी लेव्हल त्याहून वर, म्हणजे ७५ टक्के ठेवावी आणि तिची सूचना चालू करावी, म्हणजे समोर असलेल्याला सावरायला वेळ मिळतो. पर्यायांत हायबरनेट दिसतच नसेल तर ते बंद केलेले असते. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून, पॉवरसीएफजी (powercfg) या कमांडला स्लॅश देऊन पुढे ‘हायबरनेट ऑन’ असे लिहिले की ते यादीत येते.

घड्याळाप्रमाणे, म्हणजे ‘वीज गेल्यावर १८० सेकंदांनी’ असे बंद करायचे असेल तर विंडोजची ही खिडकी पुरत नाही. त्यासाठी यूपीएसच्या कंपनीचा प्रोग्राम घालावा. एपीसीचा पॉवरशूट आणि सायबरपॉवरचा पॉवरपॅनेल हे त्यांतले परिचित. एपीसीच्या यूपीएससाठी एपीसीयूपीएसडी नावाचा मोफत आणि खुला प्रोग्राम विंडोज, लिनक्स व मॅक तिन्हींवर चालतो, आणि त्याची सेटिंग फाइल मला फार समजूतदार वाटते. तिच्यात तीन अटी असतात: बॅटरीची टक्केवारी, यूपीएसच्या अंदाजाने उरलेली मिनिटे आणि वीज गेल्यापासूनचे सेकंद. यांतली जी अट आधी पूर्ण होईल तिच्यावर संगणक बंद केला जातो. मुळात टक्केवारी ५, मिनिटे ३ आणि सेकंद शून्य असे भरलेले असते, आणि सेकंदांपुढच्या शून्याचा अर्थ ती अट वापरात नाही असा आहे. ‘टाइमआउट’ नावाच्या त्या अटीपुढे शून्याच्या जागी १८० लिहिले की काम झाले.

कंपनीचा किंवा दुसरा कुठलाही प्रोग्राम घातल्यावर विंडोजचे बॅटरीचे चिन्ह कधी कधी नाहीसे होते, त्याची भीती बाळगू नये. यूपीएसचा ताबा त्या प्रोग्रामकडे गेला इतकाच त्याचा अर्थ आहे. मात्र एका यूपीएसवर दोन प्रोग्रामांना अधिकार देऊ नये.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. वीज गेली तेव्हा संगणक आधीपासूनच स्लीपमध्ये असेल तर वर्दी ऐकायला तो जागा नसतो. तो तसाच झोपलेला राहतो, बॅटरी संपते आणि मेमरीतले उघडे काम जाते. म्हणून पॉवर ऑप्शन्सच्या त्याच खिडकीत, स्लीपच्या विभागात, ‘अलाउ हायब्रिड स्लीप’ चालू आहे ना ते पाहावे. त्यामुळे झोपतानाच मेमरीची एक प्रत डिस्कवर लिहिली जाते. तो पर्याय नसेल तर अर्ध्या तासाच्या स्लीपनंतर आपोआप हायबरनेट व्हावे असे ठरवावे.

मॅक आणि लिनक्सवर

मॅकवर काम सोपे आहे. यूएसबीने यूपीएस जोडले की ऊर्जेच्या सेटिंग्जमध्ये यूपीएसचा विभाग येतो, आणि त्यात बंद होण्याच्या तीन अटी मिळतात: यूपीएसवर अमुक मिनिटे गेल्यावर, अमुक मिनिटे उरल्यावर किंवा बॅटरी अमुक टक्क्यांखाली गेल्यावर. पहिलीच निवडावी.

लिनक्सच्या डेस्कटॉपवर यूपॉवर नावाची सेवा यूपीएसकडे लक्ष ठेवते. तिच्या सेटिंग फाइलीत ‘पर्सेंटेज ॲक्शन’ या नावापुढे बहुधा २ असा आकडा असतो, म्हणजे फक्त दोन टक्के उरल्यावर ती हालचाल करणार. घरच्या यूपीएसवर ती वेळ येण्याआधीच अंधार झालेला असतो. तो आकडा वाढवावा, त्याबरोबर ‘क्रिटिकल’ आणि ‘लो’ हे त्याच्या आधीचे दोन आकडेही त्याहून वर न्यावेत, कारण या तिघांचा उतरता क्रम बिघडला तर सेवा मूळ आकड्यांकडे परत जाते. करायच्या कृतीसमोर पॉवर ऑफ लिहावे; लिनक्सवर हायबरनेटला मेमरीइतकी स्वॅपची, म्हणजे मेमरीसाठी डिस्कवर राखलेली, जागा लागते आणि ती मुळात बहुधा ठेवलेली नसते.

ज्यांच्या घरी एकापेक्षा जास्त संगणक किंवा फाइली साठवणारे एनएएस एकाच यूपीएसवर आहे, त्यांनी नेटवर्क यूपीएस टूल्स वापरावे. यूएसबीची केबल एकाच यंत्राला जोडता येते. ते यंत्र मुख्य ठरते आणि बाकीच्यांना नेटवर्कवरून वीज गेल्याचे कळवते. आधी बाकीची यंत्रे बंद होतात, मुख्य यंत्र सर्वांत शेवटी. हे साधायचे तर राउटर आणि नेटवर्क स्विच बॅटरीवरच हवेत, नाहीतर निरोप जाणारी वाटच वीज जाताक्षणी बंद होते. एरवी हा प्रोग्राम बॅटरी अगदी उतरल्याचा इशारा यूपीएसकडून येईपर्यंत थांबतो. मिनिटांवर चालवायचा असेल तर त्याच्या जोडीच्या यूपीएसशेड या भागात वीज जाताच एक टायमर सुरू करावा, आणि वीज परत येताच तो रद्द व्हावा अशी जोड द्यावी. रद्द करण्याची ओळ विसरली तर वीज आल्यावरही संगणक बंद होतो.

यूपीएसला यूएसबी नसेल तर

स्वस्त यूपीएसला वर्दी देण्याची सोयच नसते, आणि घराला मोठा इन्व्हर्टर असला तर तोही सहसा संगणकाला काही सांगत नाही. तरीही वाट आहे. वीज असेपर्यंतच चालू राहील असे एखादे यंत्र साक्षीला ठेवावे, उदाहरणार्थ जुना राउटर, वायफायचा एक्स्टेंडर किंवा नेटवर्कला जोडलेला प्लग. ते थेट भिंतीतल्या विजेवर लावावे, यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर नाही. घरचा मुख्य राउटर मात्र यूपीएसवर असावा. आता संगणकावर एक लहान स्क्रिप्ट, म्हणजे कमांडांचा छोटा प्रोग्राम, चालू ठेवावी, जी दर ३० सेकंदांनी आधी मुख्य राउटरला आणि मग साक्षीदाराला पिंग करील, म्हणजे नेटवर्कवरून ‘आहेस का?’ असे विचारील. राउटर उत्तर देतो आहे पण साक्षीदार सलग सहा वेळा गप्प आहे, असे झाले तर वीज जाऊन तीन मिनिटे झाली असे समजून संगणक हायबरनेट करावा. विंडोजच्या शटडाउन या कमांडला ‘एच’ हा पर्याय दिला की तेच होते. राउटरला विचारण्याचे कारण असे की, नेटवर्कच बिघडले असेल तेव्हा संगणक उगाच बंद होऊ नये. साक्षीदाराला राउटरमधून कायमचा आयपी पत्ता नेमून द्यावा, नाहीतर पत्ता बदलला की स्क्रिप्टला घरात कायमचा अंधार दिसू लागेल.

घरात बॅटरी ठीक असलेला एखादा जुना लॅपटॉप असेल तर साक्षीदार म्हणून तो उत्तमच. आपला चार्जर चालू आहे की बंद, हे त्याला ठाऊकच असते, आणि वीज गेली तरी तो जागा असल्याने निरोप देऊ शकतो.

पुरवठा तोडून पाहणे

इथपर्यंतचे सगळे सेटिंग केवळ आशा आहे. खरोखर पुरवठा तोडून पाहिल्याशिवाय ही मांडणी पूर्ण झाली असे मानू नये, आणि हे मी आग्रहाने सांगतो, कारण आपली मांडणी चालत नाही हे ज्या दिवशी कळते तो दिवस नेमका नको तो असतो.

पहिली चाचणी संगणकाला धोक्यात न घालता करावी. संगणकाचा प्लग यूपीएसमधून काढून थेट भिंतीत लावावा, पण यूएसबीची केबल जोडलेलीच ठेवावी. यूपीएसला भार म्हणून टेबलावरचा एखादा साधा दिवा लावावा. आता यूपीएसला पुरवठा देणारे भिंतीवरचे बटण बंद करावे. प्लग उपटू नये, कारण प्लग उपटला की अर्थिंगही तुटते. यूपीएसमधून ‘टक्’ असा आवाज येईल, दिवा क्षणभर लवेल किंवा लवणारही नाही, आणि पीं-पीं सुरू होईल. पडद्यावरचे प्लगचे चिन्ह काही सेकंदांत बॅटरीचे होईल. त्या क्षणापासून घड्याळ लावून बसावे आणि काहीही करू नये, माउसला हातसुद्धा लावू नये. तीन मिनिटांनी संगणक स्वतःहून बंद झाला पाहिजे. टक्क्यांवर चालणाऱ्या मांडणीत दिव्याच्या हलक्या भाराने ६० गाठायला पुष्कळ वेळ लागेल, म्हणून चाचणीपुरते ९५ टक्के ठेवावे आणि नंतर आठवणीने परत ६० करावे.

हे जमले की संगणक यूपीएसवर परत लावून, बॅटरी पूर्ण भरू देऊन, दुसऱ्या दिवशी खरी चाचणी करावी. यावेळी नेहमी उघडे असतात तेवढे सगळे प्रोग्राम उघडावेत आणि एका नव्या फाइलीत चार ओळी लिहून ती मुद्दाम सेव्ह न करता ठेवावी. बटण बंद केल्यापासून संगणकाचा पंखा थांबेपर्यंतचा वेळ मोजावा. हायबरनेटला मेमरी जास्त असेल तर आणि डिस्क फिरती असेल तर एखादे मिनिट सहज लागते. आपण ठरवलेली तीन मिनिटे आणि हा वेळ मिळून जी बेरीज येते, तिच्या निदान दुप्पट वेळ बॅटरी टिकली पाहिजे. टिकत नसेल तर थांबण्याची मिनिटे कमी करावीत किंवा बॅटरी बदलावी. संगणक पुन्हा सुरू केल्यावर त्या चार ओळी आहेत का ते पाहावे, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदींत त्या वेळेची ४१ किंवा ६००८ क्रमांकाची नोंद नाही ना, तेही पाहावे. या दोन नोंदी संगणक नीट बंद झाला नव्हता असे सांगतात.

वीज परत आल्यावर

घरच्या संगणकासाठी मी इथेच थांबण्याचा सल्ला देईन. वीज परत आल्यावर तो आपण हाताने सुरू करावा, कारण वीज येते तेव्हा ती बरेचदा एक-दोनदा पुन्हा जाते, आणि बॅटरी अजून भरलेली नसते. पण संगणक सतत चालू राहणे गरजेचे असेल, तर बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंग्जमध्ये वीज परत आल्यावर काय करावे असा पर्याय असतो. बहुधा त्याचे नाव ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ असते. तिथे ‘पॉवर ऑन’ निवडावे.

यात एक अडचण मात्र आहे, आणि ती पहिल्यांदा भेटते तेव्हा माणूस चक्रावून जातो. संगणक तीन मिनिटांनी शहाण्यासारखा बंद होतो, पण यूपीएसच्या बॅटरीत अजून जीव असतो आणि ते संगणकाच्या सॉकेटला वीज पुरवतच राहते. पाचव्या मिनिटाला बाहेरची वीज येते. संगणकाच्या दृष्टीने पुरवठा कधी तुटलाच नाही, म्हणून बायोसला काही परत आल्याचे कळत नाही, आणि संगणक बंदच राहतो. यासाठी संगणकाने बंद होता होता यूपीएसलाही निरोप ठेवायचा असतो, की थोड्या वेळाने तूही आपला पुरवठा तोड आणि बाहेरची वीज आल्यावर पुन्हा सुरू कर. नेटवर्क यूपीएस टूल्स आणि एपीसीयूपीएसडी यांत ही सोय आहे, आणि यूपीएसला तो हुकूम कळत असेल तर ती चालते. नेटवर्क यूपीएस टूल्सचा यूएसबी ड्रायव्हर मुळात २० सेकंदांची सवड ठेवतो. तेवढ्यात संगणक पुरता बंद झाला नाही तर यूपीएसच त्याचा घास घेते, म्हणून आपल्या चाचणीत मोजलेला वेळ पाहून ती सवड वाढवावी. हायबरनेटबरोबर ही युक्ती वापरू नये. हा निरोप शटडाउनच्या अगदी शेवटच्या टप्प्यात पाठवायचा असतो आणि हायबरनेटमध्ये तो टप्पा येत नाही.

यूपीएसची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे चालते, उकाड्यात त्याहून कमी. तिची तारीख त्या कागदावर लिहावी, आणि दर सहा महिन्यांनी भिंतीवरचे बटण बंद करून तीच चाचणी पुन्हा करावी. मग क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून पहिल्या दिवशी लिहिलेल्या आकड्याशेजारी आजचा आकडा लिहावा. दोन्ही सारखे असतील तर कागद परत यूपीएसवर चिकटवावा. वाढला असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ क्रमांकाच्या नोंदीची तारीख शोधावी आणि त्या दिवशी वर्दी कुठे अडली, केबलीत, प्रोग्रामात की बॅटरीत, हे शोधायला लागावे.